चार ओळींची जागा हवी आहे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पत्र लांबलं आहे, हे आधीच कबूल करते. कात्री चालवायचीच झाली तर मधलं कापा, शेवटच्या चार ओळी तेवढ्या ठेवा. बाकीचं सगळं त्यांच्यापायीच लिहिलं आहे.

मी अनगोळची. उद्यमबागेत आमचं छोटं मशीनशॉप आहे. तीन लेथ, एक रेडियल ड्रिल, एक म्हातारं मिलिंग आणि हप्ते चालू असलेलं एक सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन. माणसं अकरा. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव तुकडा येतो, आम्ही त्याचं बोअरिंग (आतलं भोक मापात कातणं), फेसिंग, ड्रिलिंग करून पुढं पाठवतो. हायड्रॉलिक पंपाची कव्हरं, व्हॉल्व्हच्या बॉड्या, असलं काम. बेळगावात अशी शॉपं गल्लोगल्ली आहेत, त्यातलंच एक.

सकाळी चहाबरोबर मी तुमचा अंक शेवटच्या पानांकडून वाचते. वय झाल्याची खूण म्हणा. तिथं पुण्यस्मरणाच्या चौकटी असतात. ‘आपले ऋण आम्ही कधीही विसरणार नाही’, खाली मुलं, सुना, जावई, नातवंडं अशी नावांची रांग. वाचून मला दर वेळी वाटतं, ही ओळ त्या माणसानं जिवंतपणी एकदा तरी कुणाच्या तोंडून ऐकली असेल का? आणि दुसरीकडं आरपीडी कॉर्नरपासून चन्नम्मा चौकापर्यंत ‘हार्दिक आभार’चे फ्लेक्स. ते कुणाचे असतात, कशाबद्दल असतात, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे आमच्याकडं आभार दोघांनाच मिळतात, गेलेल्यांना आणि निवडून आलेल्यांना. मधले सगळे कोरडे.

हे मी शहाणपणा म्हणून लिहीत नाही. मी स्वतः त्यातलीच.

माझ्या साठीला लेकीनं पुण्याहून एक वही पाठवली. जाड पुठ्ठा, सोनेरी कडा, प्रत्येक पानावर इंग्रजीत छापलेलं की आज तुम्ही कोणत्या तीन गोष्टींबद्दल कृतज्ञ आहात. तिच्या कंपनीत म्हणे सगळे लिहितात. मी निमूट बसले लिहायला. पहिला दिवस: आरोग्य, मुलं, देवाची कृपा. दुसरा दिवस: आरोग्य, मुलं, पाऊस. तिसऱ्या दिवशी ‘आरोग्य’ लिहिलं आणि उठताना गुडघा असा ठणकला की मीच हसले. चौथ्या दिवशी वही मिटली. शाळेत ‘माझी आई’ निबंध असायचा, त्यात वर्गातल्या चाळीस पोरींच्या आया एकसारख्या प्रेमळ असायच्या. तसलंच ते लिखाण.

लेक फोनवर ऐकेना. ‘आई, याच्यावर अभ्यास झालाय,’ म्हणाली. अमेरिकेत रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दहा आठवडे लिहायला लावलं. एका गटानं आठवड्यातल्या उपकार वाटणाऱ्या पाचेक गोष्टी लिहायच्या, दुसऱ्यानं कटकटी, तिसऱ्यानं नुसतंच काय घडलं ते. पहिल्या गटातली मुलं आपल्या आयुष्याबद्दल कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त समाधानी निघाली. हा अभ्यास छापून आला २००३ साली.

साल ऐकलं आणि मी गप्प झाले. त्याच २००३ साली मीसुद्धा एक यादी लिहीत होते.

ह्यांना जाऊन आठवडा झाला होता. हृदयाचा झटका, वय बेचाळीस. पदरात दोन मुली, सासूबाई, आणि शॉपचं कर्ज. मला लेथ आणि ड्रिलमधला फरक कळत होता, इतकंच. मी रात्री स्वयंपाकघरात बसून लाल चोपडीत देणी लिहायची. टूल स्टीलवाला इतके, बँकेचा हप्ता इतका, टेम्पो, लाइट बिल, घरफाळा. एका पानावरून दुसऱ्यावर. लेकीनं सांगितलेल्या अभ्यासात मी असते तर कटकटींच्या गटात पहिली आले असते.

ती चोपडी अजून आहे. वीस वर्षांनी ती काढून बघितली तर देणी सगळी फिटलेली, एकेका ओळीवर काट मारलेली. पण त्या पैशांच्या मागं जी माणसं उभी होती त्यांची एकही नोंद नाही. टूल स्टीलवाल्यानं व्याज न लावता आठ महिने थांबून घेतलं, ते कुठंच नाही. रक्कम आहे, थांबणं नाही.

मग मी लेकीची सोनेरी वही कपाटात ठेवली आणि रविवार पेठेतून तसलीच एक लाल चोपडी आणली. रोजमेळ लिहितात तशी सुरू केली. तारीख, नाव, काय केलं. ‘आरोग्य’ आणि ‘पाऊस’ बंद. माणूसच पाहिजे, आणि त्यानं काय केलं ते एका ओळीत बसलं पाहिजे.

पहिल्या महिन्यात बावीस नोंदी झाल्या. त्यातल्या नऊ जणांची नावं मला येत नव्हती. ‘रात्री पावणेदोन, लाइनमन, पावसात खांबावर चढला, नाव विचारलं नाही.’ ‘फाउंड्रीतला पोऱ्या, चुकून आपल्याकडं आलेली दुसऱ्याची पेटी सायकलवरून परत न्यायला आला, नाव नाही.’ आणि सगळ्यात लाज वाटली ती पिग्मीवाल्याची. दारोदार फिरून रोजचे पन्नास-शंभर गोळा करायची ही पिग्मी ठेव उडुपीच्या बँकेनं, म्हणजे पुढं सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेनं, १९२८ साली सुरू केली आणि आमच्या कर्नाटकात ती घरोघरी मुरली. आमच्या शॉपवर एकच माणूस अठरा वर्षं पिग्मी न्यायला येतोय. त्याच्या ठेवीवर मी दोन्ही मुलींच्या कॉलेजच्या फिया भरल्या. आणि अठरा वर्षं मी आतून ओरडते, ‘पिग्मी आलं बघा!’ नाव विचारलं तेव्हा तो दचकला. खातं बंद करतेय की काय, असं वाटलं त्याला.

आता आमच्या फोरमनबद्दल. त्यांचं नाव लिहायचं नाही, असं त्यांनीच बजावलंय. का, ते पुढं येईल.

ह्यांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी शॉपवर गेले तर शटर आधीच उघडलेलं होतं. फोरमन आत मशीन पुसत होते. बैलहोंगलकडचे, कन्नड माणूस, मराठी शॉपवरच शिकलेले. त्यांना मच्छेच्या एका मोठ्या कारखान्यातून बोलावणं होतं, पीएफसकट, हे मला ह्यांच्याकडूनच आधी कळलं होतं. मी खुर्चीवर बसून रडायला लागले तर त्यांनी काही समजूत घातली नाही. व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकती पट्टी, आणून हातात दिला. ‘अक्का, मेन स्केलचा आकडा पयला बघायचा. मग खालची कुठली रेघ वरच्या रेघेला जुळते, ते.’ इतकंच. मी तो व्हर्निअर घरी नेला. रात्री मुली झोपल्यावर डब्याचं झाकण मोजलं, चकलीचा सोऱ्या मोजला, हातातली काढून ठेवलेली बांगडी मोजली. दोन-चारची बांगडी, आतून ५७.१६ मिलिमीटर भरली. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की हे जमेल.

ते पुढं एकोणीस वर्षं राहिले. कुठल्या जॉबला किती कट घ्यायचा, कुठलं गिऱ्हाईक पैसे बुडवणार, कुठल्या कास्टिंगला वाळू चिकटून येणार, सगळं त्यांनी शिकवलं. १ नोव्हेंबरला आमच्या शहरात एका रस्त्यावर कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसऱ्यावर मराठी माणसांचा काळा दिन. त्या दिवशी शॉप बंद. तेवढ्या एकोणीस वर्षांत एक १ नोव्हेंबर असा गेला नाही की त्यांनी संध्याकाळी फोन करून विचारलं नाही, ‘घरातली पोचली न्हवं सगळी?’

त्यांच्या मुलीच्या लग्नात मी थोडे पैसे उसने दिले होते. तेव्हा ते म्हणाले, ‘भाळ उपकार आत्री, अक्का.’ म्हणजे फार उपकार झाले. मला कसंनुसं झालं. आपल्या मराठीत ‘उपकार’ शब्द जड आहे. ‘काय उपकार केलेस काय?’ असा तो भांडणात येतो. कन्नडमध्ये तो रोजचा, हलका, दुकानात सुटे पैसे दिले तरी निघणारा. आणि ‘आभार’ म्हटलं की कार्यक्रम संपला, खुर्च्या सरकवायला लागा, असं वाटतं. घरच्या माणसाला ‘आभारी आहे’ म्हटलं तर तो विचारतो, ‘परका झालो काय?’ मग उरतं ‘थँक्यू’. ते रिक्षावाल्यालाही आणि डॉक्टरलाही. माझी तक्रार शब्दाबद्दल नाही, बेळगावात आम्ही एका वाक्यात तीन भाषा मिसळतो. पण कोणता शब्द घ्यावा या घोळात आपण बोलायचंच टाळतो, हे मात्र खरं.

फोरमन २०२२ साली निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. मी भाषण केलं. ‘मोलाचे योगदान’, ‘कंपनीचा आधारस्तंभ’ वगैरे. ते असे ऐकत होते की जणू शेजारच्या कुणाचं तरी कौतुक चाललंय. लाल चोपडी सुरू केल्यावर मला त्या भाषणाची लाज वाटली, कारण त्यात शटर नव्हतं, व्हर्निअर नव्हता, मच्छेची नोकरी नव्हती. एका रविवारी खासबागेत त्यांच्या घरी गेले. गल्लीच्या तोंडाशी दोनदा परत फिरले, हेही सांगते. बसल्यावर एका दमात बोलून टाकलं. ‘त्या दिवशी शटर तुम्ही उघडलंत. मच्छेचं मला माहीत होतं. तुम्ही गेला असतात तर मी शॉप विकलं असतं.’

ते उठले, पंख्याचा रेग्युलेटर एक घर कमी केला, परत वाढवला. मग म्हणाले, ‘साक बिड्री अक्का.’ म्हणजे पुरे करा. आणि लगेच विचारलं, सीएनसीचं कूलंट वेळच्या वेळी बदलताय काय. त्यांच्या बायकोनं मात्र चहा ठेवता ठेवता आतून कन्नडमध्ये काहीतरी म्हटलं आणि हसल्या. निघताना फोरमननी अट घातली, ‘हे सगळं पेपरात द्यायचं असंल तर माझं नाव नको. गल्लीत हसतील.’ पाळते आहे.

शॉपमधल्या एका मुलाचं काम राहिलं आहे. त्याच्यासाठीच हे पत्र.

२०१७ चा श्रावण. १ जुलैला जीएसटी लागू झालेला आणि मी बिलांच्या घोळात. एकशे चाळीस व्हॉल्व्ह बॉड्यांचा लॉट त्या संध्याकाळी जायचा होता. देसूरचा एक मुलगा हेल्पर होता, जेमतेम एकोणीस वर्षांचा. काम काय, तर तयार तुकडा पुसायचा, तेल लावायचं, कागदात गुंडाळायचा. त्यानं एक तुकडा उजेडाकडं धरला आणि बोअरच्या आत टाचणीच्या डोक्याएवढी दोन भोकं बघितली. ब्लोहोल. कास्टिंगच्या पोटात हवा अडकून राहते, वरून कळत नाही, कट घेतल्यावर उघडी पडते. पंपाचं तेल दाबाखाली तिथून गळणार. त्यानं आधी पाळीवरच्या टर्नरला दाखवलं. ‘तू पूस गप,’ असं उत्तर मिळालं. मग तो तुकडा घेऊन माझ्या केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. चपला बाहेर काढून.

लॉट थांबवला. एकशे चाळीसातले एकतीस तुकडे तसले निघाले. ते गेले असते तर ते गिऱ्हाईक आम्हाला परत दिसलं नसतं. आठवड्यानं त्या कंपनीची मेल आली, तुमच्या तपासणीबद्दल समाधान वाटतं वगैरे. मी ती मेल छापून शॉपमध्ये मोठ्यानं वाचली. ‘बघा, आपल्या शॉपचं नाव झालं,’ म्हटलं आणि टर्नरच्या पाठीवर थाप मारली, कारण पाळी त्याची होती. मुलगा मागं उभा होता, हातात तेलाचं फडकं.

दिवाळीचा बोनस घेऊन तो निघून गेला. दुसरीकडं महिना तीनशे रुपये जास्त. मी म्हटलं, ‘अरे, तीनशे मी पण दिले असते, बोलायचं की.’ तो खाली बघून म्हणाला, ‘पैशाचं न्हाई अक्का. ते ब्लोहोल मी दाखवलं हुतं.’

हे वाक्य मी विसरले होते असं नाही. बाजूला सारलं होतं. आजकालच्या पोरांना धीर नाही, असं चार लोकांत म्हणूनही झालं होतं.

चोपडीच्या दुसऱ्या महिन्यात मी ठरवलं, आता शॉपवर तरी अशी चूक नको. पगाराच्या दिवशी सगळ्यांना एकत्र करून महिन्यातलं एखादं चांगलं काम, नाव घेऊन, सांगायला लागले. दोन महिन्यांत फसलं. आमचा एक जुना टर्नर पाकीट घेऊन गेला तो बोलेचना. शेवटी म्हणाला, ‘अक्का, नऊ वर्षं झाली, माझा एक तुकडा रिजेक्ट न्हाई. माझं नाव कधी घेणार?’ खरंच की. मी नावं घेत होते ती चूक पकडणाऱ्यांची, रात्री थांबून मशीन सुरू करणाऱ्यांची, आयत्या वेळी धावून आलेल्यांची. ज्याच्या हातून काही बिघडतच नाही त्याच्याकडं बघायला मला वेळच नव्हता. घरातही तसंच. दूध उतू गेलं की सगळे धावतात, वीस वर्षं उतू न जाऊ देणारी दिसत नाही.

आता तोंडी जाहीर कौतुक बंद. गिऱ्हाइकाला मालाबरोबर जो तपासणीचा कागद जातो त्यात शेऱ्याचा एक रकाना असतो. आम्ही तो इतकी वर्षं कोरा सोडायचो. आता त्यात बोअरिंग कुणी केलं, तपासलं कुणी, यांची नावं जातात, आणि कुणी काही पकडलं असेल तर तेही. एकदा पुण्याच्या एका कंपनीतून फोन आला, ‘बोअर फार छान आलाय, तुमच्या त्यांच्याशी बोलायचंय.’ जुन्या टर्नरला फोन दिला. त्यानं ‘हां जी, हां जी’ यापलीकडं काही बोललं नाही, पण दुसऱ्या दिवशी दाढी करून आला.

उद्यमबागेतल्या माझ्या बंधूंना इथं एक सांगायचं आहे. लेकीनं आणखी एक अभ्यास पाठवला होता, अॅडम ग्रँट आणि फ्रान्सेस्का जिनो यांचा, २०१० चा. एका अमेरिकन विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या लोकांपैकी काही जणांना संचालकबाई स्वतः येऊन भेटल्या आणि त्यांच्या कष्टाबद्दल धन्यवाद म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्या गटाचे फोन पन्नास टक्क्यांहून जास्त वाढले, दुसऱ्या गटाचे होते तिथंच राहिले. हे वाचून लगेच उत्पादनाचा हिशेब मांडू नका. माणसाला वास येतो. गेल्या खंडेनवमीला मी एका ओळखीच्या शॉपवर गेले होते. मशीनला झेंडूचा हार, हळदकुंकू, दारात कोहळा फोडलेला, लिंबं चिरडलेली, सगळं यथासांग. मालकांनी माईकवरून कामगारांचे भरभरून आभार मानले. मग प्रत्येकाच्या हातात चिरमुऱ्याचा पुडा आणि एक पेढा. मागं उभा असलेला एक जण दुसऱ्याला म्हणाला, ‘हार मशिनीला, भाषण आपल्याला. ओव्हरटाइम कवा?’

ओव्हरटाइमवरून आठवलं. माझ्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात एक शिल्ड आहे, ‘उत्कृष्ट पुरवठादार’. एका मोठ्या कंपनीनं हॉटेलात बोलावून दिली. कंपनीचं नाव लिहीत नाही. ती शिल्ड घेऊन मी स्टेजवरून उतरले तेव्हा त्याच कंपनीकडं आमचं साडेचार लाखांचं बिल एकशे तीस दिवस अडकलेलं होतं. लघुउद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. त्यात करारात काहीही लिहिलेलं असो, पंचेचाळीस दिवसांच्या पुढं पैसे थकवता येत नाहीत, थकवले तर चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. पण व्याज मागायला गेलं तर पुढची ऑर्डर येत नाही, हे त्यांनाही ठाऊक आणि आम्हालाही. जेवताना शेजारी बसलेला दुसरा पुरवठादार माझ्या कानात म्हणाला, ‘वैनी, या शिल्डवर बँक किती देईल?’

मी हसले, आणि घरी येऊन चोपडी उघडली. पिरनवाडीच्या टेम्पोवाल्याच्या नावावर माझ्याच हातानं तीन चांगल्या नोंदी होत्या. पुरात रस्ता बंद असताना वळसा घालून माल पोचवला, वगैरे. आणि त्याचे दोन महिन्यांचे पैसे मी दिले नव्हते. माझे अडकले म्हणून त्याचे अडकले, असं मी स्वतःला सांगत होते. ती मोठी कंपनीही स्वतःला असंच काहीतरी सांगत असणार. त्याला दुसऱ्या दिवशी पैसे दिले. आभार त्यानंतर मानले, आणि ते सोपे गेले.

घरातली गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती लिहिताना हात अडतो.

माझं माहेर निपाणीकडं, तंबाखूच्या पट्ट्यात. आमच्याकडं कर्नाटकी बेंदूर, म्हणजे ज्येष्ठातल्या पौर्णिमेला. वडील पहाटे बैल धुवायचे, शिंगं रंगवायचे, आणि पुरणाची पहिली पोळी बैलाला. वडील बैलाच्या कपाळाला कपाळ लावायचे, ते मला अजून दिसतं. पुरण वाटणारी आई चुलीपुढं घामाघूम, ती जेवायची सगळ्यात शेवटी, उरलं तर. वडील वाईट नव्हते. बैलासाठी सण होता, आईसाठी नव्हता, इतकंच.

सासरी सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. आता त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत. मी शॉपवर जायला लागले तेव्हा त्यांनी भाकऱ्या, मुलींच्या वेण्या, शाळेतल्या पालकसभा, सगळं आपल्याकडं घेतलं. लोक म्हणायचे, सून बाहेर हिंडते. त्या म्हणायच्या, ‘हिंडू दे, तुझ्या दारात न्हाई न्हवं आली?’ मागच्या थंडीत एका संध्याकाळी आम्ही दोघी मेथी निवडत होतो. मी म्हटलं, ‘आत्ती, तुम्ही नसता तर मला शॉप चालवता आलं नसतं.’

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडं निरखून बघितलं. ‘काल दवाखान्यात गेलतीस. डॉक्टर काय म्हणाला?’

गुडघ्याशिवाय काही नाही, हे पटवायला अर्धा तास गेला. मग मी चोपडीचं सगळं सांगितलं, आणून दाखवली. त्यांना वाचता येतं. चष्मा लावून पानं उलटली, आपल्या नावाच्या ओळी बोट ठेवून वाचल्या. भाकरी, वेण्या, पालकसभा. मग म्हणाल्या, ‘आणि माझ्या पाटल्या?’

२००३ च्या दिवाळीआधी लेथचा हप्ता भरायला त्यांनी आपल्या दोन पाटल्या मोडल्या होत्या. ते मला माहीत होतं. मीच त्यांच्याबरोबर सराफाकडं गेले होते. लिहायचं राहिलं, कारण घरातल्या घरात झालेलं ते माझ्या डोळ्यांना नोंदीसारखं दिसलंच नाही. टूल स्टीलवाला लिहिला, लाइनमन लिहिला. त्याच वेळी पेन आणायला उठले तर त्या म्हणाल्या, ‘बस, आधी मेथी निवड. अंधार पडतोय.’

तर संपादक साहेब, मागणी अशी. तुमच्या शेवटच्या पानावर, पुण्यस्मरणांच्या शेजारी, आठवड्यातून एकदा चार ओळींची एक चौकट द्या. छोट्या जाहिरातीचा जो दर असेल तो आम्ही देऊ. माझ्या अटी चार: माणूस जिवंत पाहिजे, पुढारी नको, फोटो नको, आणि कशाबद्दल ते स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. ‘मोलाचे योगदान’ आलं की सरळ परत पाठवा. नाव द्यायचं की नाही, हे ज्याचे आभार त्यानं ठरवावं. माझ्या फोरमनसारखे खूप असतील.

चौकट सुरू करायला पहिला मजकूर मीच देते. देसूरला दोनदा निरोप पाठवला, तो मुलगा आता तिथं राहत नाही, जुना नंबर लागत नाही. कुणी म्हणतं गोव्याला आहे, कुणी म्हणतं चाकणला. पण त्याच्या घरी तुमचाच पेपर यायचा, डबा तो त्याच कागदात बांधून आणायचा.

‘देसूरच्या मुलास,
२०१७ च्या श्रावणात एकशे चाळीसच्या लॉटमधले ब्लोहोल तू दाखवलेस.
मेल वाचताना मी तुझे नाव घेतले नाही. चूक माझी.
ये, नाही तर फोन कर. शॉपचा नंबर तोच आहे. अक्का.’

आपली,
अनगोळची एक वाचक
(नाव छापू नये. शिल्डवाले वाचतात.)